आखाड्याचा छोटा देखावा करतोय: गोठा, अवजारं आणि माप कसं बेतावं?

तेरणेकाठ

नमस्कार मंडळी. वर्षभर डोक्यात घोळणारा विषय आज इथं मांडतोय.

आमचं गाव औसा तालुक्यात. आठ एकर कोरडवाहू, काळी जमीन. आता शेत बटईनं दिलंय, मी लातूरला असतो आणि अण्णाही माझ्याकडंच असतात. अण्णांचं वय ७८. त्यांच्यासाठी आमच्या आखाड्याचा, म्हणजे रानातल्या गोठ्या-खळ्याच्या जागेचा, छोटा देखावा करायचा ठरवलंय. चार फूट बाय अडीच फूट प्लायवूड आणून ठेवलंय, वर काचेची पेटी येईल.

आतापर्यंतची जमवाजमव अशी: १:३२ मापाचा एक ट्रॅक्टर, ट्रॉली, पाच विलायती गाई, थोडी झाडं. देखाव्यात गोठा, कडब्याची गंजी, विहीर आणि मोट, तिफण (तीन फणांचं पेरणीचं अवजार) चालवणारा गडी, बैलांची पात (मळणीसाठी गोल फिरणारी बैलांची रांग) धरलेलं खळं, पिवळी झालेली ज्वारी, बैलगाडी आणि ट्रॅक्टरसाठी शेड हवं. कागदावर तीनदा मांडून पाहिलं. प्रत्येक वेळी एवढ्याशा जागेत यंत्रांचा बाजार भरल्यासारखं दिसतं, आमचा आखाडा वाटतच नाही. कुठं चुकतंय?

गुंठेवारी

जमीन मोजण्यात माझी नोकरी गेली, म्हणून आधी मोजूनच सांगतो. १:३२ म्हणजे खऱ्या एका फुटाला साडेनऊ मिलिमीटर. तुमचं चार बाय अडीच फुटी प्लायवूड खऱ्या जमिनीत होतं १२८ फूट बाय ८० फूट. गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, म्हणजे तुमच्याकडं आहेत फक्त ९.४ गुंठे. पाव एकरसुद्धा नाही. यात शेत, विहीर, खळं, शेड असं सगळं कोंबलं की बाजार होणारच.

१:६४ घेतलंत तर तेच प्लायवूड साडेसदतीस गुंठ्यांचं होईल, जवळजवळ एकर. रेल्वेच्या छोट्या मॉडेलांचं १:८७ घेतलं तर साडेएकोणसत्तर गुंठे, पावणेदोन एकरांच्या आसपास. पण त्या मापात बैल जेमतेम दीड सेंटिमीटरचा होतो, मग वेसण, कासरा, घुंगरमाळ काही दाखवता येत नाही.

माझं मत विचाराल तर १:३२च ठेवा. मात्र 'शेत' दाखवायचं हे मनातून काढा. आखाडा दाखवा आणि त्याला लागून शेताची एक कड. उरलेलं शिवार काचेच्या पलीकडं आहे असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे.

कोळपं

दादा, राम राम. मी हिंगोलीकडचा, अजून बैलावरच शेती करतो.

तुमच्या यादीत माप तर चुकलंयच, पण ऋतूही चुकलाय. तिफण चालायली म्हणजे पेरणी. ज्वारी पिवळी म्हणजे माघ-फाल्गुन. खळ्यात पात म्हणजे त्याच्याही पुढं. एका फळीवर तुम्ही चार-पाच महिने एकदम मांडायलात. तुमच्या अण्णांच्या नजरेत ही गोष्ट पहिल्या झटक्यात येईल बघा, शेतकऱ्याची नजर आधी पिकावर जाते.

एक दिवस धरा. तो दिवस धरला की कोणतं अवजार बाहेर, कोणतं आत, गंजी किती उंच, उकिरडा भरलेला का रिकामा, हे सगळं आपोआप ठरतं.

आणि साल कोणतं? मोट म्हणता आणि ट्रॅक्टरही म्हणता, म्हणून विचारलं.

तेरणेकाठ

गुंठेवारीकाका, ९.४ गुंठे वाचून डोळे उघडले. काल रात्री सुतळीनं गच्चीवर १२८ बाय ८० फूट मोजायला गेलो, गच्चीच पुरली नाही.

कोळपं भाऊ, सालाचा प्रश्न मी टाळत होतो, खरं सांगतो. आमचा जुना गोठा माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा तो पडला. आदल्या दिवशी गणपती बुडवून गाव झोपलं होतं. दगडाच्या भिंती बाहेरच्या अंगाला ढासळल्या, वरची माती खाली आली, पण खणाचे लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या राहिल्या. बैल त्या रात्री बाहेर लिंबाखाली बांधले होते म्हणून वाचले. नंतर तिथं पत्र्याचा गोठा झाला, तो आजही आहे. मला जो गोठा करायचाय तो अण्णांनी बांधलेला, पडण्याआधीचा.

म्हणजे साल १९९२. मोट तेव्हा बंद झाली होती, विहिरीवर मोटार होती. ट्रॅक्टर गावात दोघांकडं होता, आमच्याकडं कधीच नव्हता.

कोळपं

मग झालं की दादा. ट्रॅक्टरचं शेड गेलं, मोट गेली. नऊ गुंठ्यात आता श्वास घ्यायला जागा झाली.

आठ एकर कोरडवाहूवाल्याकडं त्या काळात काय असायचं ते आमच्या घरावरून सांगतो: एक बैलजोडी, एक गाय, एक वासरू, दोन-तीन शेळ्या, कोंबड्या. गाडी एक. तिफण एक. वखर एक, कोळपी दोन. लोखंडी नांगर आमच्या घरी नव्हता. काळ्या रानात खोल नांगरट करायची तर एक जोडी पुरत नाही, दोन-तीन जोड्या जुंपाव्या लागतात, म्हणून सावडीनं काम चालायचं. ज्याचा नांगर त्याच्या दारात. तुमच्या आखाड्यात नांगर ठेवायचा का नाही हे अण्णांनाच विचारा, मनानं ठेवू नका.

परभणी ते आयोवा

मी मूळ परभणीचा, सध्या अमेरिकेत आयोवा राज्यात आहे. इथं हा छंद फार जुना. डायर्सविल नावाच्या छोट्या गावात शेतीच्या खेळण्यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि दर नोव्हेंबरात तिथं मोठं प्रदर्शन भरतं. १९४५ साली सुरू झालेल्या अर्टल कंपनीमुळं त्या गावाचं नाव झालं. तिथं मांडलेली शेतं मी तासन्‌तास पाहिलीत.

त्यातली चांगली मांडणारी माणसं कोळपं म्हणतात तेच करतात. आधी कागदावर लिहितात: एकर किती, पीक कोणतं, साल कोणतं, जनावरं किती. मग त्या शेताला परवडेल तेवढीच यंत्रं ठेवतात. मोठं कापणी यंत्र हौसेनं विकत घेतलं तरी छोट्या शेतावर ते उभं करत नाहीत. शेड करताना सगळ्यात रुंद यंत्र आधी मोजतात, मग दार, मग इमारत.

एक विनंती मात्र करतो. विलायती संचात मिळणारं लाल, उंच कोठार आपल्या देखाव्यात आणू नका. त्या कोठाराचं दुहेरी उताराचं छप्पर वरच्या माळ्यावर जास्तीत जास्त गवत बसावं म्हणून असतं. इथं हिवाळ्यात बर्फ पडतं, जनावर आत आणि चाराही आत ठेवावा लागतो. लाल रंगही जवसाच्या तेलात लोखंडाचा गंज कालवून लाकूड टिकवायला लावत, त्यातून आलेला. आपल्याकडं पाऊस चार महिन्यांचा, पुढं आठ महिने कोरडे. म्हणून कडबा उघड्यावर गंजी रचून राहतो आणि गोठ्याची एक बाजू उघडी चालते. इमारतीचा आकार हवामानानं ठरवलेला असतो.

माळवद

धाराशिवहून लिहितोय. आमच्या घरात तीन पिढ्या गवंडीकाम. तुमचं १९९३ चं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. आमच्या आजोबांनी बांधलेली किती घरं त्या दिवशी गेली हे घरात अजून कुणी मोजत नाही.

माळवदाचा गोठा करणार असाल तर वरून खाली न करता खऱ्या क्रमानं करा, तरच तो माळवद दिसेल. पुठ्ठ्याचं खोकं करून वर माती थापली की ते खोकंच दिसतं.

आधी खण ठरवा. दोन बैल, गाय आणि वासरू यांना सोळा फूट बाय बारा फूट पुरे, तुमच्या मापात १५२ बाय ११४ मिलिमीटर. खांब उभे करा, त्यावर तुळई, तुळईवर आडवे सर, सरांवर किलचन, म्हणजे बारीक फळकुटं शेजारी-शेजारी. त्यावर लिंबाचा पाला किंवा तुराट्या आणि मग पांढरी माती. ही माती फूट-दीड फूट जाड असायची, म्हणजे तुम्हाला १० ते १४ मिलिमीटर थर लागेल. हा थर कुणीही कमी करू नका. दर उन्हाळ्याच्या शेवटी गळतीच्या भीतीनं वर नवी माती टाकत आणि छप्पर वर्षागणिक जड होत जाई. माळवदाचं ते ओझं डोळ्याला दिसलं पाहिजे.

भिंत दोन फुटांची, १९ मिलिमीटर. उंची आठ फूट, ७६ मिलिमीटर. दार चार फूट रुंद पुरे, बैल शिंगं तिरपी करून आत जातो. आत गव्हाण मागच्या भिंतीला लागून, जमीन दाराकडं किंचित उतरती, मूत बाहेर जावं म्हणून. छपराला पन्हाळ द्या आणि पन्हाळीखालची भिंत थोडी काळपट, शेवाळलेली रंगवा.

भिंतीला थर्माकोल चालेल, वर पातळ फेविकॉल आणि चाळलेली माती. कोपऱ्यांना मात्र घडीव दगड दाखवा. गावातला गरिबाचा गोठासुद्धा कोपऱ्यात चांगले दगड लावून बांधायचे.

सुईदोरा

मी नांदेडची. हस्तकला शिकवते. गाडीच्या चाकाबद्दल सांगायचं होतं, कारण माझ्या विद्यार्थिनी तिथंच अडकतात.

चाक साधारण साडेचार ते पावणेपाच फूट व्यासाचं धरा. लहान मुलींच्या धातूच्या बांगड्यांत पावणेदोन इंची माप मिळतं, ४४ मिलिमीटर. तुमच्या मापात ते ४ फूट ८ इंच होतं. हीच तुमची लोखंडी धाव, म्हणजे चाकाची बाहेरची पट्टी. साधी, नक्षी नसलेली, पातळ बांगडी घ्या. मेणबत्तीवर धरून काळी करा आणि बाहेरची कड बारीक पॉलिश पेपरनं घासा, म्हणजे रस्त्यावर घासून चकाकलेली दिसेल. आतली बाजू काळी-तांबूस राहू द्या.

आऱ्यांसाठी आगपेटीची काडी उत्तम. ती दोन मिलिमीटर जाड असते, मापात अडीच इंच होते. सहा पाटे (चाकाच्या गोल कडेचे तुकडे) आणि बारा आरे, म्हणजे प्रत्येक पाट्यात दोन. पाटे आइस्क्रीमच्या काडीतून कापा. सहाही तुकडे एकाच कागदी नमुन्यावर कापायचे, नाहीतर चाक डुगडुगतं. तुंब्यासाठी, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यासाठी, लाकडी मणी. आरे तुंब्यात बसवताना आधी समोरासमोरचे दोन, मग त्यांना काटकोनात दोन, असं करत जा. एका बाजूनं ओळीनं बसवलेत तर शेवटचा आरा कधीच बसत नाही. मी पहिल्यांदा तसंच केलं होतं, तीन चाकं वाया गेली.

आणि गाईंबद्दल, भाऊ. विलायती गाईला वशिंड नसतं, गळ्याला पोळी नसते. तशीच ठेवलीत तर गोठा कितीही चांगला झाला तरी सगळं परकं दिसेल. एम-सील मळून खांद्यावर वशिंड चढवा, गळ्याखाली पातळ पट्टी लावून ओल्या बोटानं वळ्या पाडा. बैलाची उंची खांद्यापाशी सव्वाचार फूट धरली तर ४० मिलिमीटर. तुमच्याकडं जोडी कोणती होती, देवणी का लाल कंधारी? रंग त्यावर ठरेल.

तेरणेकाठ

ताई, जोडी देवणी होती, दोन्ही वानेरा. अंग पांढरं, तोंडावर काळं. अण्णांनी हाळीच्या बाजारातून आणलेली. त्यातल्या एकाच्या डाव्या डोळ्याभोवती काळं थेट शिंगापर्यंत गेलं होतं, ते मला अजून आठवतं.

बांगडी आज आणली. अगदी मापात बसली.

अण्णांना दिवसाबद्दल विचारलं. मी म्हटलं खळं करू का. ते म्हणाले, 'येळवस कर.'

कोळपं

येळवस! आमच्याकडं हिंगोलीत तुमच्याएवढी होत नाही, पण लातुरात पाहुणे आहेत, दरवर्षी बोलावतात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करून तिच्यात पाच पांडव मांडून पूजा, मग आंबील, भज्जी, उंडे.

मग रान असं दिसेल: ज्वारी हिरवीगार, पुरुषभर उंच. हरभरा घाट्यात. तूर वाळायला लागलेली. ज्वारीच्या कडेनं करडईचे तास, काटे असतात म्हणून जनावर आत शिरत नाही. करडईला अजून फूल नाही, हिरवीच ठेवा. गंजी मागच्या साली रचलेली, खाऊन निम्म्याच्या खाली आलेली. नवी उंच गंजी त्या दिवशी दिसायची नाही. उकिरडा पुन्हा भरत आलेला.

गुंठेवारी

ज्वारीचं गणित करून देतो. दोन ओळींत दीड फूट, म्हणजे १४ मिलिमीटर. ताटात अर्धा फूट, म्हणजे पाच मिलिमीटरला थोडं कमी. ताटाची उंची सहा फूट, ५७ मिलिमीटर. तुम्ही ३० बाय २० सेंटिमीटरचा तुकडा ज्वारीला दिलात तर २१ ओळी आणि जवळपास नऊशे ताटं लागतील. काचेकडच्या तीन-चार ओळी पूर्ण पानांनिशी करा, मागच्यांची फक्त शेंडे आणि वरची पानं. माणसाची नजर आत शिरत नाही.

आणि ही दीड फुटाची ओळ लक्षात ठेवा. तुमच्या तिफणीच्या फणांतलं अंतर तेच पाहिजे, १४ मिलिमीटर. तिन्ही फण मिळून २९. तिफण एका मापाची आणि पेरा दुसऱ्या मापाचा, अशी चूक मी शाळेच्या प्रदर्शनात पाहिली आहे.

जालन्याची मोसंबी

मधेच येतोय, माफ करा. मला आजच्या काळाचा देखावा करायचाय, बारा एकर, त्यात मोसंबी आणि सोयाबीन. ट्रॅक्टर, ट्रॉली, रोटाव्हेटर, मळणी यंत्र, कडबाकुट्टी आणि रुंद सरी-वरंब्याचं पेरणी यंत्र. शेड केवढं लागेल? माप १:३२च.

परभणी ते आयोवा

४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर साधारण साडेअकरा फूट लांब, सहा फूट रुंद धरा. तुमच्या मापात ११० बाय ५७ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना माणूस चालेल एवढी जागा सोडून दार दहा फुटांचं करा, ९५ मिलिमीटर. वर छत्री असेल तर दाराची उंची नऊ फूट, ८६ मिलिमीटर. शेड वीस बाय तीस फूट पुरे, १९० बाय २८६ मिलिमीटर. ट्रॉली आत घालू नका, आपल्याकडं ती बाहेरच दगडावर दांडी टेकवून उभी असते. मळणी यंत्र बहुतेकांचं भाड्याचं असतं, तुमचं स्वतःचं असेल तरच ठेवा.

शेडपुढं पस्तीस-चाळीस फूट मोकळं सोडा, जवळपास ३५ सेंटिमीटर. चिकटवण्याआधी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून हातानं खरोखर वळवून बघा. जिथं वळत नाही तिथं खरा शेतकरी शेड बांधत नाही.

माळवद

पत्र्याबद्दल एक. पन्हाळी पत्र्याच्या दोन उंचवट्यांत तीन इंच असतात, मापात अडीच मिलिमीटरला थोडं कमी. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या लाटा त्याहून जाड येतात, ते छप्पर खेळण्यातलं दिसतं. जेवण बांधून देतात त्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा तुकडा घ्या, बारीक दातांच्या कंगव्यावर ठेवून बोथट पेन्सिलीनं दाबत जा. दहा फुटी पत्रा म्हणजे ९५ मिलिमीटरची पट्टी. पट्ट्या एकावर एक चढवून लावा. आणि वर दगड ठेवा! वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून आपल्याकडं प्रत्येक पत्र्यावर दगड असतात, कुठं जुना टायर, कुठं तुटलेला वखर. तेवढ्यानं गोठा मराठवाड्याचा होतो.

तेरणेकाठ

तीन आठवड्यांनी येतोय. काय झालं ते सांगतो.

काळ्या मातीनं फसवलं. गावाकडून पिशवीभर माती आणली, फेविकॉलात कालवून प्लायवूडवर अर्धा इंच थापली. दोन दिवसांत वाळून तिला भेगा पडल्या, तिसऱ्या दिवशी कडा उचलल्या आणि प्लायवूडच वाकलं. आपली माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, हे लहानपणापासून पायाखाली पाहिलंय, पण फळीवर ती तेच करेल हे सुचलं नाही. सगळं खरवडून काढलं.

दुसऱ्यांदा प्लायवूडला दोन्ही बाजूंनी रंग दिला, थर्माकोलनं उंचसखलपणा केला, वर काळा पोस्टर रंग आणि पातळ फेविकॉल, मग मैद्याच्या चाळणीतून चाळलेली कोरडी माती नुसती भुरभुरली. आता बसलीय. ज्या भेगा हव्या होत्या त्या सुईनं ओढल्या. दोन इंची भेग म्हणजे दीड मिलिमीटर, त्याहून रुंद नको.

कोळपं

माती तव्यावर भाजून घेतली का दादा? नाहीतर हरळी उगवून येते. खरंच येते, माझ्या भाच्याच्या शाळेतल्या देखाव्यात उगवली होती.

सुईदोरा

आणि खरं शेण वापरू नका, कितीही मोह झाला तरी. पेटी बंद राहते, आत बुरशी धरते. लाकडाचा बारीक भुसा, हिरवा-तपकिरी रंग, थोडा फेविकॉल. गोवऱ्या त्याच्याच थापा, पण प्रत्येक गोवरीवर टाचणीच्या डोक्यानं बोटांचे ठसे उमटवा. थापणारीचा हात दिसला पाहिजे.

तेरणेकाठ

माती भाजली, भाऊ. गोवऱ्यांवर ठसे उमटवले, ताई. बायको म्हणाली उजव्या हाताचे ठसे आहेत ना, बघून घ्या. तिनंच मग उरलेल्या थापल्या.

गोठा माळवद भाऊंनी सांगितलेल्या क्रमानंच बांधला. सर आणि किलचन वरून मातीनं झाकले जातात, कुणाला दिसत नाहीत, तरी सगळे केले. आत टॉर्च मारला की खालून ती फळकुटं दिसतात. मी लहान असताना दुपारी गव्हाणीत पडून तेच बघायचो.

तिफणीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. दिंड, म्हणजे फण बसवायचं आडवं लाकूड, बाभळीच्या काटकीची, फण तिघंही १४ मिलिमीटरवर. नळ्यांसाठी विजेच्या बारीक वायरीतली तार ओढून काढली आणि वरचं कवच वापरलं, वर बांबूचा रंग. चाड्यासाठी, म्हणजे पेरताना बी सोडायच्या वाटीसाठी, निंबोळीची बी आडवी कापली. आतला गर काढला की बरोबर सहा मिलिमीटरची वाटी होते, मापात आठ इंच. तीन नळ्या त्या वाटीच्या बुडाशी आणून चिकटवायला दोन संध्याकाळी गेल्या. तिफण गोठ्याच्या दारापुढं, अगदी काचेजवळ ठेवली, सगळ्यांना दिसावी म्हणून.

काल अण्णांना दाखवलं. काच अजून लावली नव्हती. खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला. बैल पाहिले, काळ्या डोळ्याच्या बैलावर बोट ठेवलं आणि त्याला उचलून दावणीच्या दुसऱ्या खुंट्याला नेलं. हा उजव्या अंगाचा, म्हणाले. मग गंजी पाहिली, काही बोलले नाहीत. कोपीतले पाच पांडव मोजले. नांगराचं विचारलं तर म्हणाले, आपला नव्हताच, नाही ठेवलास ते बरं केलंस.

मग तिफणीकडं बघून म्हणाले, 'येळवशीला तिफण बाहेर कशी? पेरणी होऊन दोन महिने झाले.' आमच्याकडं पेरा संपला की तिफण धुऊन गोठ्यात तुळईला टांगायचे, उधई लागू नये म्हणून. आणि चाडं तिच्यावर ठेवत नसत. ज्याच्यावर मूठ धरतात ते चाडं घरी न्यायचं, देवघराजवळच्या खुंटीला. आई ठेवायची.

म्हणून आज चाडं काढलं. दोन संध्याकाळींचं काम होतं, पण नळ्यांपासून नीट सुटलं, तुटलं नाही. आखाड्यात आमचं घर नाही, घर गावात. तेव्हा ते चाडं अण्णांनीच कागदात गुंडाळून स्वतःच्या खोलीतल्या देव्हाऱ्यात ठेवलंय.

आता प्रश्न एवढाच, तिफण तुळईला टांगायला दोर कसला घेऊ? शिवणाचा दोरा फार गुळगुळीत दिसतो.

कोळपं

अंबाडीचा सुटा धागा घ्या दादा. सुतळी उसवली की आत निघतो. मांडीवर वळा, दोन पदरी. आणि दोन ठिकाणी बांधा, एक दिंडीला, एक दांडीच्या टोकाला. एकाच ठिकाणी टांगली तर फण खाली येतात, बैलाच्या पाठीला लागतात.

तेरणेकाठ

वळतोय.